बांधकाम हेल्मेट

बांधकाम हेल्मेट, सुरक्षा हेल्मेट किंवा सुरक्षा शिरस्त्राण हे बांधकामाच्या जागी वरून पडणाऱ्या वस्तूंपासून, डोके आपटण्यापासून आणि काही प्रमाणात विजेच्या धक्क्यापासून डोक्याचे रक्षण करणारे कठीण टोप होय. भारतात त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २९२५ हे मानक लागू आहे. दुचाकीस्वारांच्या हेल्मेटचे मानक (आयएस ४१५१) वेगळे असून एकाच्या जागी दुसरे वापरणे सुरक्षित नाही. दुचाकीचे हेल्मेट रस्त्यावर आपटण्याचा विचार करून बनवलेले असते. बांधकामाच्या हेल्मेटची रचना प्रामुख्याने वरून येणारा आघात झेलण्यासाठी असते.

हेल्मेट ही बांधकामावरील सुरक्षेची सर्वांत ठळक खूण असली, तरी सुरक्षाशास्त्रात त्याचे स्थान सर्वांत शेवटचे मानले जाते. धोका मुळातच काढून टाकणे, ते शक्य नसल्यास कठडे, जाळ्या व टेकू लावून तो अडवणे, नंतर कामाची पद्धत बदलणे आणि एवढे करूनही जो धोका उरेल त्यासाठी व्यक्तिगत संरक्षक साधने देणे, असा हा क्रम आहे. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरसारख्या मध्यम शहरांतील लहान बांधकामांवर, हा क्रम अनेकदा उलटा झालेला दिसतो.

रचना आणि कार्य

हेल्मेटचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचे कठीण कवच हा पहिला भाग. ते बहुधा उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनचे किंवा एबीएस या प्लॅस्टिकचे असते. उष्णतेच्या कामासाठी काचतंतूंचे कवचही वापरतात. दुसरा भाग म्हणजे आतील पट्ट्यांचे जाळे. डोके कवचाला टेकत नाही, ते या पट्ट्यांवर तोललेले असते. डोक्याचा माथा आणि कवच यांच्यामध्ये साधारण २५ ते ५० मिलिमीटर मोकळी जागा राहते. वस्तू आदळली की कवच आघात पसरवते, पट्ट्या ताणल्या जातात आणि डोक्यापर्यंत पोहोचणारे बल कमी होते. म्हणजे हेल्मेटचे निम्मे काम ही रिकामी जागाच करते. त्या जागेत मोबाइल, तंबाखूची पुडी किंवा दुमडलेला रुमाल ठेवल्यास ते काम बंद पडते. डोक्याच्या घेरानुसार पट्टा आवळण्यासाठी मागे चक्री किंवा खाचांची पट्टी असते. हनुवटीचा पट्टा मात्र अनेक ठिकाणी लोंबकळत ठेवलेला आढळतो. पट्टा न बांधलेले हेल्मेट माणूस वाकला किंवा तोल जाऊन पडला की डोक्यावरून निघून जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याची गरज असते.

आयएस २९२५ नुसार हेल्मेटची आघातशोषण, टोकदार वस्तूचा भेद, ज्वलनशीलता, विद्युतरोध आणि पाणी शोषणे या बाबतींत चाचणी होते. अमेरिकेतील मानकात केवळ माथ्यावरील आघातापासून रक्षण करणारे आणि बाजूच्या आघातापासूनही रक्षण करणारे असे दोन प्रकार मानले जातात. विद्युतरोधानुसार केलेले वर्गीकरण त्याहून वेगळे असते.

मर्यादा

हेल्मेट किती आघात सहन करू शकते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. युरोपीय मानक ईएन ३९७ मधील आघातशोषण चाचणीत ५ किलोग्रॅम वजनाचा ठोकळा १ मीटर उंचीवरून हेल्मेटवर सोडतात आणि डोक्याच्या प्रतिकृतीवर ५ किलोन्यूटनपेक्षा अधिक बल पोहोचू नये, अशी अट असते. १ किलोचा हातोडा ५ मीटरवरून पडला, तर त्याची ऊर्जा या चाचणीतील ऊर्जेइतकीच भरते. १०० ग्रॅमचा बोल्ट ३० मीटरवरून पडला, तरी ती चाचणीपेक्षा कमीच राहते. मात्र ३ किलो वजनाची वीट १० मीटरवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडली, तर ती चाचणीच्या सहापट ऊर्जा घेऊन येते.

त्यामुळे सुटे बोल्ट, सळईचे तुकडे, थापी, खडी, सेंटरिंगचे खिळे आणि डोक्याच्या उंचीवर आडवे आलेले पाइप यांच्यासाठी हेल्मेट अत्यंत उपयुक्त आहे. वीट, जांभ्याचा चिरा किंवा भरलेले घमेले यांच्यासाठी ते पुरेसे नाही. तेथे परांचीच्या कडेला पायाशी लावलेली १००–१५० मिलिमीटर उंचीची आडवी फळी अधिक काम करते, कारण तिच्यामुळे वस्तू मुळात खाली पडतच नाही. स्वतः माणूस उंचावरून खाली पडणे, मातीच्या दरडीखाली गाडले जाणे किंवा स्लॅब कोसळणे या प्रसंगी हेल्मेटचा उपयोग अगदी मर्यादित असतो.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत खाणीत आणि बांधकामावर कापडी किंवा चामडी टोप्या वापरात होत्या. काही कामगार कापडी टोप्या डांबरात बुडवून, वाळवून कडक करून घेत. अमेरिकेतील हूवर धरणाच्या (१९३१–३६) कामावरही सुरुवातीला अशा टोप्या होत्या. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या पोलादी शिरस्त्राणावरून प्रेरणा घेऊन बुलार्ड कंपनीने १९१९ मध्ये कॅनव्हास व सरस वाफेवर घट्ट करून बनवलेली टोपी बाजारात आणली.

सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या (१९३३–३७) बांधकामावर मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी अशी टोपी घालणे सक्तीचे केले. त्याच कामावर पुलाखाली सुरक्षा जाळीही ताणलेली होती आणि तिच्यामुळे १९ कामगारांचे प्राण वाचले. फेब्रुवारी १९३७ मध्ये एक जड परांची कोसळून जाळी फाडत खाली गेली आणि १० कामगार मृत्युमुखी पडले. त्या पुलाच्या कामावर एकूण ११ मृत्यू झाले. टोपीची सक्ती म्हणून हा पूल प्रसिद्ध आहे, परंतु जीव वाचवण्याचे मोठे काम जाळीने केले, हे सहसा सांगितले जात नाही. पुढे अॅल्युमिनियम, काचतंतू आणि अखेरीस प्लॅस्टिकची हेल्मेटे आली. प्लॅस्टिक स्वस्त, हलके आणि विद्युतरोधक असल्याने तेच जगभर रूढ झाले.

वापर, निगा आणि रंग

हेल्मेटवर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक व निर्मितीचे वर्ष छापलेले असणे आवश्यक आहे. ऊन, रंगाचे थिनर आणि रसायने यांमुळे कवच हळूहळू ठिसूळ होते; म्हणून उत्पादक ठरावीक काळानंतर, बहुधा दोन ते पाच वर्षांत, ते बदलण्यास सांगतात. दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कवच करकरले किंवा त्यावर पांढुरक्या रेषा दिसल्या, तर ते टाकून द्यावे. मोठा आघात झालेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. हवा खेळावी म्हणून त्याला भोके पाडणेही धोकादायक आहे.

अभियंते व पर्यवेक्षकांना पांढरे, कामगारांना पिवळे, वीजतंत्र्यांना निळे आणि सुरक्षा अधिकाऱ्यांना हिरवे हेल्मेट देण्याची पद्धत अनेक मोठ्या प्रकल्पांवर दिसते. हा केवळ संकेत असून प्रकल्पागणिक तो बदलतो. पाहुण्यांसाठी ठेवलेली चकचकीत हेल्मेटे आणि कामगारांची उन्हात विटलेली हेल्मेटे एकाच कार्यालयाच्या दारात शेजारी टांगलेली असणे, हे दृश्यही दुर्मीळ नाही.

भारतीय बांधकामाची एक अडचण पाश्चात्त्य मानकांत गृहीतच धरलेली नाही, ती म्हणजे डोक्यावरून ओझे वाहणे. वाळू, खडी, काँक्रीट आणि विटा घमेल्यातून डोक्यावर नेल्या जातात, आणि हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घमेले आणि त्याखाली हेल्मेट हे जमत नाही. कवच गुळगुळीत असल्याने ओझे ठरत नाही. परिणामी मिक्सर ते जिना या सर्वांत वर्दळीच्या वाटेवर ये-जा करणाऱ्यांच्याच डोक्यावर हेल्मेट नसते. यावर उपाय हेल्मेटची सक्ती हा नाही. हातगाडी, मिक्सरला जोडलेली लिफ्ट किंवा काँक्रीट पंप वापरून डोक्यावरचे ओझे कमी करणे आणि वाहतुकीच्या वाटेवर भक्कम छत घालणे, हा आहे. पदर किंवा ओढणीवरून घातलेले हेल्मेट सरकते, त्यामुळे पट्टा नीट आवळण्याची काळजी घ्यावी लागते.

कायदेशीर तरतुदी

इमारत व इतर बांधकाम कामगार (रोजगार विनियमन व सेवाशर्ती) अधिनियम, १९९६ हा या क्षेत्रातील पायाभूत कायदा. त्याखाली केंद्राचे नियम १९९८ मध्ये आणि महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये झाले. मागील बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा किंवा अधिक बांधकाम कामगार कामावर असलेल्या आस्थापनेला तो लागू होता. स्वतःच्या राहण्यासाठीचे, दहा लाख रुपयांपेक्षा अधिक खर्च नसलेले बांधकाम मात्र त्यातून वगळले होते. काम सुरू करण्यापूर्वी किमान ३० दिवस आधी निरीक्षकाला लेखी सूचना देणे, ५० किंवा अधिक कामगार असल्यास सुरक्षा समिती व ५०० किंवा अधिक असल्यास सुरक्षा अधिकारी नेमणे, तसेच मृत्यू किंवा ४८ तास वा अधिक काळ काम करता न येण्याजोगी इजा झाल्यास ती कळवणे, या त्यातील प्रमुख तरतुदी होत. सुरक्षाविषयक नियम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. दोन हजार रुपये ही रक्कम १९९६ मध्येही फारशी नव्हती.

केंद्रीय नियमांनुसार पूर्ण झाल्यावर १५ मीटर किंवा अधिक उंच होणाऱ्या इमारतीभोवती किमान २ मीटर रुंदीचे संरक्षक छत पायापासून ५ मीटरपेक्षा जास्त उंचीवर नसेल, अशा रीतीने बांधावे लागते. वरून वस्तू पडण्याचा धोका असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला मानकानुसार हेल्मेट पुरवणे ही नियोक्त्याची जबाबदारी आहे; त्याची किंमत मजुरीतून कापता येत नाही.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये हा अधिनियम व इतर बारा कायदे एकत्र करण्यात आले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात बांधकामावरील सुरक्षा अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्येची मर्यादा ५०० वरून २५० वर आणली आहे. कर्तव्यात कसूर झाल्याने मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा असून दंडाच्या किमान निम्मी रक्कम पीडित व्यक्तीला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दुसरीकडे, स्वतःच्या निवासासाठीच्या बांधकामांना दिलेल्या सुटीची खर्चमर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली आहे.

तांत्रिक बाबींसाठी राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा सातवा भाग, परांची व शिड्यांसाठी आयएस ३६९६, खोदकामासाठी आयएस ३७६४ आणि पाडकामासाठी आयएस ४१३० ही मानके आधारभूत मानली जातात.

महाराष्ट्रातील काही दुर्घटना

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळील शीळफाटा परिसरात बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे काँक्रीट ओतत असताना स्लॅब कोसळून ९ कामगार दगावले. २९ जून २०१९ च्या पहाटेपूर्वी पुण्यातील कोंढवा येथे मुसळधार पावसात संरक्षक भिंत कामगारांच्या झोपड्यांवर कोसळून लहान मुलांसह १५ जणांचा बळी गेला. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यातील येरवडा येथे सळयांचा सांगाडा कोसळून ५, तर १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्यातील बाळकुम येथे चाळीस मजली इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळून ७ कामगारांचा मृत्यू झाला.

या घटनांमधील मृत्यू हेल्मेटमुळे टळण्यासारखे नव्हते. सेंटरिंगचा भार, भिंतीमागील मातीचा व पाण्याचा दाब, यंत्राची उभारणी आणि लिफ्टची देखभाल हे त्यांतील प्रश्न होते. कोंढव्यातील मृतांपैकी कोणी त्या वेळी कामावरही नव्हते. ते झोपलेले होते. कामगारांची वस्ती कोठे उभारावी, हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे.

कोल्हापूर परिसर

कोल्हापूर शहरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ यांसारख्या जुन्या पेठा आणि ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरी यांसारखी विसाव्या शतकात वाढलेली उपनगरे अशी दोन निराळी बांधकामक्षेत्रे आहेत. पेठांमध्ये माती, दगड व सागवानी खांबांचे जुने वाडे पाडून तेथे नव्या इमारती उभ्या राहतात. वाडा पाडताना लाकडी तुळया काढल्या की मातीच्या भिंतींचा आधार जातो. म्हणून वरून खाली, बांधणीच्या उलट क्रमाने पाडकाम करणे आवश्यक असते. तुळया व दारे विकली जातात, त्यामुळे ती आधी काढून घेण्याचा मोह असतो. गल्ल्या अरुंद असल्याने वीट-वाळूचा ढीग रस्त्यावर आणि परांची थेट पादचाऱ्यांच्या डोक्यावर येते. अशा ठिकाणी धोका कामगारापुरता उरत नाही.

उपनगरांत बंगल्यांच्या जागी बहुमजली इमारती होत आहेत. पंचगंगेच्या काठालगतचा भाग २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाण्याखाली गेला होता. नदीकाठच्या खोल काळ्या मातीत पाया किंवा तळघर खोदताना पावसाळ्यात दरड ढासळण्याचा धोका मोठा असतो. ही माती उन्हाळ्यात कडक व भेगाळलेली असते, उभी कापली तरी ठरते. पाणी मुरले की तीच बसते. आयएस ३७६४ नुसार दीड मीटरपेक्षा खोल चराला टेकू किंवा पुरेसा उतार द्यावा लागतो. काढलेली माती चराच्या अगदी कडेला टाकण्याची सवय या धोक्यात भर घालते.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी व गगनबावडा तालुक्यांत जांभ्याच्या चिऱ्यांचे बांधकाम आढळते. चिरा विटेच्या अनेकपट जड असल्याने तो उंचावर हातोहात देताना निसटल्यास हेल्मेट निरुपयोगी ठरते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींमध्ये फाउंड्री व यंत्रशाळांच्या छतांची दुरुस्ती हे वेगळेच जोखमीचे काम आहे. सिमेंटचे जुने पत्रे पाय पडताच फुटतात. पावसाळ्याआधी गळती काढायला चढलेला माणूस थेट खालच्या यंत्रावर पडू शकतो. पत्र्यावर फळ्या टाकून चालणे आणि कमरपट्ट्याऐवजी पूर्ण शरीराचा पट्टा भक्कम खांबाला अडकवणे हा त्यावरचा उपाय आहे.

कोल्हापुरातील बऱ्याच घरबांधणीचे स्वरूप असे असते: मालक, एक अभियंता, मजुरीवर काम घेणारा गवंडी-ठेकेदार आणि त्याच्या हाताखाली पाच-सात माणसे. सेंटरिंग, वीज, नळकाम आणि फरशीसाठी वेगवेगळ्या टोळ्या येतात. नाक्यावरून त्या दिवसापुरता आणलेला बिगारी दुसऱ्या दिवशी दुसरीकडे असतो. अशा रचनेत हेल्मेट कोणी आणायचे, हा प्रश्न प्रत्येकाकडून पुढच्याकडे ढकलला जातो. कामगारसंख्या दहाच्या आत असल्याचे कारणही दिले जाते. वस्तुतः स्लॅब टाकण्याच्या दिवशी एका लहान इमारतीवरही वीस-पंचवीस माणसे असतात, आणि १९९६ च्या कायद्याला एक दिवसही पुरेसा होता. स्लॅबचा दिवस हाच सर्वांत जोखमीचा असतो: ओल्या काँक्रीटचा पूर्ण भार टेकूंवर, कडेला कठडा नाही, आणि ‘आज संपवायचेच’ म्हणून अंधार पडेपर्यंत चाललेले काम. लाकडी बल्ल्या एकावर एक जोडून उंची साधणे, टेकूखाली नुसती वीट ठेवणे आणि आडवे बंध न देणे हे दोष काँक्रीट ओतण्याआधी तासाभराच्या पाहणीत सापडू शकतात.

इमारतीजवळून जाणाऱ्या वीजवाहिन्या हा आणखी एक धोका. लांब सळई किंवा लोखंडी शिडी उभी करताना ती तारेला लागते. अशा वेळी साध्या हेल्मेटवर विसंबता येत नाही. काम चालू असेपर्यंत महावितरणकडून वाहिनी बंद करून घेणे किंवा हलवणे हाच मार्ग उरतो.

कल्याणकारी मंडळ आणि सुरक्षा संच

बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर गोळा करून त्यातून कामगारांसाठी योजना राबवण्याचे काम महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ करते. वय १८ ते ६० आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामाचे काम, या नोंदणीच्या मुख्य अटी आहेत. नोंदणीकृत कामगारांना मंडळाने पत्र्याच्या पेटीतून सुरक्षा संच वाटले; त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे, सुरक्षा पट्टा इत्यादी वस्तूंचा समावेश असतो. कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसांना ५ लाख रुपये आणि नैसर्गिक मृत्यू झाल्यास २ लाख रुपये साहाय्याची योजना आहे. कोल्हापूर जिल्ह्यात नोंदणी, लाभ आणि थकीत अर्ज यांसाठी कामगार संघटनांनी अनेकदा मोर्चे काढले आहेत.

संचवाटपामुळे हेल्मेट घरोघरी पोहोचले, पण त्याचबरोबर एक गैरसमजही पसरला. मंडळाने हेल्मेट दिले म्हणून नियोक्त्याची जबाबदारी संपत नाही. शिवाय ९० दिवसांचा दाखला ठेकेदार किंवा स्थानिक प्राधिकाऱ्याकडून मिळवावा लागतो. रोज ठेकेदार बदलणाऱ्या नाक्यावरच्या कामगाराला तो मिळवणे सर्वांत अवघड जाते आणि उंचावरच्या जोखमीच्या कामाला त्यालाच धाडले जाते.

अपघातानंतरची जबाबदारी

निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली. नुकसानभरपाईची तरतूद १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात होती. ती आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट आहे. ही भरपाई मंडळाच्या साहाय्यापेक्षा वेगळी असून एक मिळाल्याने दुसरीचा हक्क जात नाही. अपघातात मृत्यू ओढवला असेल, तर कामगाराने हेल्मेट घातले नव्हते एवढ्या कारणाने वारसांची भरपाई नाकारता येत नाही. तरीही अपघातानंतर अनेक ठिकाणी विचारला जाणारा पहिला प्रश्न मृताच्या डोक्यावर हेल्मेट होते का, हाच असतो. कठडा होता का, टेकू कोणी तपासले होते, हे प्रश्न नंतर येतात.